सातव्या पाकळीचा वन्स मोअर

"सूनबाई, हा वन्स मोअर बंद करता येईल का गं?"

अण्णांनी हे विचारलं तेव्हा मी शाळेला निघायच्या घाईत पोळ्या लाटत होते. माझे सासरे सहसा स्वयंपाकघरात येत नसत. चहा हवा असला तरी बैठकीतल्या ऑर्गनवर दोन सूर दाबून कळवायचे. ते ओट्याशी येऊन उभे राहिलेले पाहून माझी तव्यावरची पोळी करपली.

"कसला वन्स मोअर?"

"हळू बोल. ती न्हाणीत आहे."

ती म्हणजे माझ्या सासूबाई, कालिंदी आवटी. मिरजेपासून हुबळीपर्यंत संगीत नाटक पाहणाऱ्या एका अख्ख्या पिढीला हे नाव माहीत होतं. गावात सगळे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणू लागले. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या, कारण मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. त्या सुरेल घरात मी एकटीच बेसूर. ताल चुकतो म्हणून आरतीतली झांजसुद्धा माझ्या हातून काढून घेतलेली होती.

अण्णांनी सांगितलं ते ऐकून मी गॅस बंद केला. ताईंच्या घशात गाठ होती. आमच्या गावच्या नाट्यगृहाच्या महोत्सवात ताईंचं जुनं नाटक 'संगीत सातपाकळी' व्हायचं होतं आणि ताईंनी ते स्वीकारलं होतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. शेवटी म्हणाले होते, करा एवढा एक प्रयोग. पदं आटोपती घ्या. पण एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणू नका, आणि लगेच ऑपरेशनला या. त्यानंतर गाणं नाहीच. त्या गाठीवर घासत राहिलात तर गाणं सोडाच, बोलणंही राहायचं नाही.

"मग ताईंनाच सांगा ना, वन्स मोअर घेऊ नका म्हणून."

"तिला?" अण्णा हसले, पण डोळे हसत नव्हते. "अगं, समोरून वन्स मोअर आला आणि ती गायली नाही, असं आजवर झालेलं नाही. तुझ्याच लग्नात काय झालं?"

माझ्या लग्नात ताईंनी मंगलाष्टक म्हटलं होतं. मांडवातून कुणीतरी चेष्टेनं वन्स मोअर ओरडलं आणि ताईंनी ते खरंच पुन्हा म्हटलं. आम्ही दोघं हातात हार धरून अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे ताटकळत उभे. भटजी पंचांग बघत मुहूर्त जातोय म्हणून घामाघूम.

"मग सरळ प्रेक्षकांना सांगू या. ताईंचा घसा..."

"ते तर अजिबात नाही." न्हाणीचं दार वाजलं तसे अण्णा बाहेर निघाले, आणि जाता जाता म्हणाले, "प्रास्ताविक तुझ्याकडे आहे ना? बघ काही सुचतंय का."

प्रास्ताविक माझ्याकडे होतं, हे खरं. महोत्सवात मुलंही येणार होती. त्यांना जुनं संगीत नाटक कळावं, म्हणून पडदा उघडण्याआधी कुणीतरी चार शब्द सांगावेत असं समितीत ठरलं आणि घरातलीच मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली.

त्याच संध्याकाळी ताईंनी मला समोर बसवलं. केसांना तेल लावून घेत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, उद्या काय बोलायचं ते बोला. राजा सांगा, राणी सांगा. माझ्या घशाचं एक अक्षर काढलंत तर रंग पुसून घरी येईन."

"पण ताई, लोकांना कळलं तर ते सांभाळून घेतील."

"म्हणून तर नको." आवाज त्या दिवसांत घोगरा झाला होता, पण धार तीच. "कीव करत कुणी माझं गाणं ऐकायचं नाही. आवडलं तर वन्स मोअर द्या, नाही आवडलं तर नका देऊ. मला तेवढंच कळतं. बाकी टाळ्या काय, पडदा पडला की कुणालाही वाजवतात."

मी तेल चोळत राहिले. त्यांच्या गळ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर तिथंच जात होती.

या सगळ्यात खरी धास्ती होती ती चौगुल्यांची. नानासाहेब चौगुले, तंबोऱ्याच्या तारांचे व्यापारी. दुसऱ्या रांगेत बसून पहिला वन्स मोअर द्यायचा हा त्यांचा मान होता आणि तो त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला घेऊ दिला नव्हता. त्याच दिवशी सकाळी, शाळेच्या वाटेवर, ते मला भाजी मंडईत भेटले होते.

"काय वैनी, उद्या मंग?" त्यांचा नुसता प्रश्न ऐकून कोथिंबीरवाली दचकली. "सातव्या पदाला आमी बसू द्यायचो न्हाई ताईंस्नी. तिनदा घेनार, आत्ताच सांगून ठेवतो!"

त्यांना बाजूला घेऊन खरं सांगावं असं वाटलं. पण चौगुल्यांच्या पोटात काही राहत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. दुपारपर्यंत ते पार सांगलीला पोचलं असतं. "या हं नक्की," म्हणून मी पिशवी उचलली.

नाटकाच्या दिवशी मी विंगेत उभी होते तेव्हा प्रास्ताविकाचा कागद हातात होता, आणि त्यात नाटकाचा इतिहास वगैरे सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. वन्स मोअरचं काय करायचं ते मात्र कुठंच नव्हतं. शेजारी नाटक कंपनीचे जुने कामगार बाबालालचाचा काळे दोरे तपासत होते. नाटकात रंगमंचाच्या मधोमध मखमलीचं एक मोठं फूल असायचं. त्याच्या प्रत्येक पाकळीला एक बारीक काळा दोरा बांधलेला. पद संपलं की चाचा विंगेतून दोरा ओढायचे आणि पाकळी गळून पडायची. मग वन्स मोअर आला की चाचांची खरी कसरत. पुठ्ठ्याच्या झुडपामागून रांगत जायचं, पाकळी पुन्हा हुकाला अडकवायची, रांगत परत यायचं. लोक हसायचे, त्यांनाही टाळ्या द्यायचे.

"गुडघे लई दुखत्यात आता," चाचा पुटपुटले. "गळाली की गळाली, पुन्ना कुटं लागती व्हय पाकळी? पर ऐकतंय कोन."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग कागदाची घडी करून कमरेला खोचली.

दुसरी घंटा झाली. ताई आत रंगपटात होत्या, तिथं पंख्याची घरघर इतकी की बाहेरचं काही ऐकू जात नसे. मी पडद्यापुढं आले. पुढच्या दोन हात मोकळ्या जागेत सतरंजीवर मुलं बसली होती, त्यात माझी मुलगी रेवाही होती; बाकीची मागं आजी-आजोबांजवळ. तिनं कधीच आजीचं नाटक पाहिलं नव्हतं. खाली डाव्या हाताला ऑर्गनवर अण्णा. दुसऱ्या रांगेत चौगुले, पांढरी टोपी, उपरणं, मांडीवर नातू.

"तर झालं असं," मी मुलांकडे बघून म्हणाले, "एका राजाच्या बागेत एक फूल उमललं. त्याला सात पाकळ्या होत्या आणि आत एक मुलगी निजली होती. तिचं नाव सातपाकळी. तिच्यापाशी सात गाणी होती. एका पाकळीचं एक गाणं. गाणं गायलं की पाकळी गळायची आणि ते गाणं संपायचं.

"सातपाकळी जपून ठेवणारी नव्हती. विहीर आटली, गायली. हरिणीचं पाडस हरवलं, गायली. कुणी रडताना दिसलं की ही गायचीच. असं करत करत तिच्याकडे एकच पाकळी राहिली. आणि त्या बागेत एक राजपुत्र होता, शापानं दगड झालेला. सातव्या गाण्यानं तो जागा होणार होता. पण सातवी पाकळी गळली की सातपाकळीचा आवाजच जाणार होता. मग तिनं काय केलं असेल?"

"गायली!" रेवा ओरडली.

"गायली. ते तुम्ही आता बघालच. पण मला दुसरंच काहीतरी सांगायचंय. ही मोठी माणसं आहेत ना मागं बसलेली, ती काय करतात माहीत आहे? गाणं संपलं की ओरडतात, वन्स मोअर! मग काय होतं? गळलेली पाकळी ओढून आणून पुन्हा चिकटवावी लागते. फुलाला किती दुखत असेल, विचारलंय कधी कुणी?"

मुलांनी माना वळवून मागं पाहिलं. मागं थोडी खसखस पिकली. चौगुले हसत होते.

"आज आपण तिला दुखवायचं नाही. गळलेली पाकळी पुन्हा लागत नाही. म्हणून आज कुणी वन्स मोअर म्हणायचं नाही. आणि शेजारचे आजोबा ओरडायला लागलेच, तर काय कराल?"

"तोंडावर हात ठेवू!" चौगुल्यांचा नातू त्यांच्या मांडीवरूनच म्हणाला, आणि लगेच करूनही दाखवलं. सगळं नाट्यगृह हसलं.

मी खाली अण्णांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. तिसरी घंटा झाली.

पहिलं पद झालं. टाळ्या आल्या, पण वन्स मोअर आला नाही. ताईंनी किंचित मान वळवली आणि पुढं गेल्या. दुसरं, तिसरं. विंगेतून मी बघत होते. कितीतरी वेळा चौगुल्यांचं तोंड उघडायचं आणि नातवाचा पंजा वर यायचा. पाचव्या पदाला तर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तिचं टोक दातांत धरलं. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "वैनी, आज गुडघ्यास्नी सुट्टी दिलीत जनू." मी हसले. मला वाटत होतं, साधलं.

सातवं पद आलं. ताई फुलाशेजारी उभ्या राहिल्या. मला रागातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. त्या गळ्याला जिथं जाता येत नव्हतं तिथं त्या जात नव्हत्या. तिथं नुसत्या थांबत होत्या, आणि ते थांबणंसुद्धा गाण्यातच होतं. अण्णा त्या थांबलेल्या ठिकाणी ऑर्गनचा सूर अलगद धरून ठेवत होते. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही मला सुचत नव्हतं.

पद संपलं. चाचांनी दोरा ओढला. पाकळी पडली.

आता इथं एक सांगायला हवं. या पदानंतर दगड झालेला राजपुत्र जागा होतो आणि विचारतो, "कोण गायलं?" पण ते वाक्य लगेच यायचं नाही. मध्ये थोडा वेळ सोडलेला असायचा, कारण वन्स मोअर येणारच. कंपनीत त्याला 'ताईंची जागा' म्हणत. ताई अर्धं पाऊल मागं घ्यायच्या, पदर सारखा करायच्या आणि समोरच्या अंधाराकडे बघायच्या.

त्या दिवशीही त्यांनी अर्धं पाऊल मागं घेतलं, पदर सारखा केला आणि पाहिलं.

कुणी हललं नाही. मुलांनी आपापल्या आणि आजोबा-आजींच्या तोंडावर हात दाबून धरले होते. टाळीसुद्धा वाजली नाही. मी सांगितलेलं इतकं मन लावून कधी कुठल्या वर्गानं ऐकलं नव्हतं.

ताई उभ्याच होत्या. मी बाजूनं त्यांचा चेहरा बघत होते. मी त्यांच्या घशाचा विचार केला होता. त्यांचा केला नव्हता. आवडलं तर वन्स मोअर द्या, मला तेवढंच कळतं, असं त्या मलाच म्हणाल्या होत्या. आणि आयुष्यातल्या शेवटच्या पदानंतर त्या आपल्या जागेत उभ्या होत्या आणि समोरून काहीच येत नव्हतं. दगड झालेल्या नटानं श्वास घेतला. तो आता वाक्य बोलणार होता.

"वन्स मोअर."

आवाज मोठा नव्हता. मुलांनी माना उंच करून कोण ते पाहिलं. ऑर्गनवरून अण्णा बोलले होते. ज्यांनी मला हे सगळं थांबवायला सांगितलं होतं तेच. साथीला बसलेला माणूस कधी वन्स मोअर देत नाही. उभ्या संसारात त्यांनीही दिला नव्हता.

ताईंनी खाली त्यांच्याकडे पाहिलं. आता या गाणार, आता काही उरायचं नाही. मी चाचांचा दंड घट्ट धरला.

ताई खाली वाकल्या. पडलेली पाकळी उचलली. रंगमंचाच्या कडेला आल्या आणि पाकळी तळहातावर ठेवून हात अण्णांच्या दिशेनं पुढं केला. गायल्या नाहीत. नुसती पाकळी दाखवली, आणि मान हलवली. नाही, संपलं.

अण्णांनी बोटं पुन्हा पट्ट्यांवर ठेवली. मग त्यांनी तेच पद ऑर्गनवर वाजवलं. सुरुवातीपासून, सगळं. ताई पाकळी धरून ऐकत उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठसुद्धा हलत नव्हते. ते संपल्यावर दगडानं विचारलं, "कोण गायलं?" आणि ताईंनी तोच हात त्याच्याकडे केला. नाटकात तसंच आहे. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि चौगुले टोपीनं डोळे पुसत होते.

रंगपटात मी त्यांचा अंबाडा सोडत होते. आरशात बघत त्या म्हणाल्या, "रंगलं नाही गं आज."

"ताई, असं काय म्हणता! लोक रडत होते."

"सातही पदांना एक वन्स मोअर नाही. शेवटी ह्यांना म्हणावं लागलं. नवऱ्याचा वन्स मोअर, मास्तरीणबाई. तो काय मोजायचा?" त्या हसल्या आणि चेहऱ्यावर खोबरेल चोळू लागल्या, त्यामुळे डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही.

सगळं ओठांवर आलं होतं. पण तेव्हा सांगितलं असतं तर अर्धा रंग पुसलेल्या तोंडानं ही बाई बाहेर गेली असती आणि घरी निघालेल्या लोकांना थांबवून गायली असती. मी अंबाड्यातल्या पिना काढत राहिले.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर बरेच दिवस बोलायचं नाही असा हुकूम होता. ताई पाटीवर लिहायच्या. चहात साखर कमी आहे. रेवाला खोकला झालाय. नाटकाविषयी एक अक्षर नाही.

"आता तरी सांगू या का त्यांना?" मी अण्णांना विचारलं.

"आवाज येईपर्यंत थांब. चिडेल ती. चिडली की ओरडेल, आणि ओरडली की टाके तुटतील."

मग डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. थोडं बोला म्हणाले. ताईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि पाटीवर लिहीत राहिल्या. आम्ही वाट बघायचो. अण्णा मुद्दाम चुकीचे सूर वाजवायचे, त्या न राहवून काही म्हणतील म्हणून. त्या खिडकीशी बसून बाहेर बघायच्या. आतून कसला आवाज निघेल याची त्यांना भीती वाटत असेल असं डॉक्टर म्हणत. मला मात्र वाटायचं, कुणासाठी बोलायचं, हाच त्यांना प्रश्न पडला असावा.

एका दुपारी मी मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. रेवा शेजारी, निम्मे दाणे तिच्या तोंडात.

"आई, सातपाकळीची सांग. तिथं सांगितलीस तश्शीच."

तिला प्रत्येक शब्द तोच लागायचा. मी सांगायला लागले. फूल, सात गाणी, विहीर, पाडस. दगड झालेला राजपुत्र. आणि मग, "मुलांनो, ही मोठी माणसं काय करतात माहीत आहे? गाणं संपलं की ओरडतात. पण गळलेली पाकळी पुन्हा लागत नाही. म्हणून आज कुणी वन्स मोअर म्हणायचं नाही."

"आणि आजोबा ओरडायला लागले तर?" रेवानं विचारलं.

"तर काय कराल?"

"तोंडावर हात ठेवू! शेवटच्या गाण्याला तर मी टाळीपण नाही वाजवली, आई. आजीला दुखेल म्हणून. कुण्णीच नाही वाजवली."

मागं काहीतरी हललं म्हणून मी वळले. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभ्या होत्या. एका हातात पाटी, दुसरा हात चौकटीवर. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेवाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी शेंगांची परात खाली ठेवली. आता चिडतील, आता टाके तुटतील, एवढंच माझ्या मनात आलं. आत बैठकीत ऑर्गन वाजायचा थांबला होता.

ताईंनी पाटी खाली ठेवली. पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. पदरानं डोळे टिपले, परातीतली एक शेंग उचलली, ती फोडली आणि दाणे रेवाच्या हातावर दिले. मग घसा साफ केला. जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकलेला नव्हता. जाडसर, खालचा, कोरा.

"वन्स मोअर," ताई मला म्हणाल्या.

उभ्या जन्मात मला मिळालेला तो एकच. मी डोळे पुसले आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.